शिक्षणकर्ज : पदवी हाती, हप्ता माथी

अजिंठ्याहून (ता. सिल्लोड) शिकायला बाहेर पडलेल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी ध्यानात ठेवावं असं काही :

● हप्ता कधी? बँकांच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने. परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत. मधल्या काळातही व्याज चढतच असतं.

● तारण : ४ लाख रुपयांपर्यंत लागत नाही, पालक मात्र सहकर्जदार.

● थकलं तर? हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खातं बुडीत वर्गात जातं. मुलाची आणि पालकाची, दोघांचीही पत घसरते.

● सवलत : ‘पीएम विद्यालक्ष्मी’ (२०२४) योजनेत निवडक संस्थांमधील, ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत व्याजावर ८ वर्षं वजावट.

● माग कोण ठेवतं? आपल्याकडे बँक. अमेरिकेत सरकारी कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याला निरोपाआधी परतफेड समजावून सांगणं महाविद्यालयावर बंधनकारक असतं. सलग तीन वर्षं ३० टक्के किंवा त्याहून जास्त कर्जदार थकले, तर महाविद्यालयाची सरकारी कर्जासाठीची पात्रताच धोक्यात येते.

आपल्याकडे माग बँकच ठेवते, म्हणून : गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलात, तरी नवा पत्ता आणि मोबाइल क्रमांक शाखेत कळवा.