खडा निघाला, कारण शोधले का?

पोटात दुखते म्हणून मूल दोन-तीनदा शाळेतून घरी येते. जंत असतील, गॅस झाला असेल, शाळा बुडवायची असेल, असे अंदाज बांधले जातात. मग एके दिवशी उलट्या होतात किंवा लघवी लालसर दिसते, सोनोग्राफी होते आणि मूतखडा निघतो. 'इतक्या लहान वयात?' हा आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो. खडा लहान असेल तर पडून जातो, मोठा असेल तर डॉक्टर तो फोडतात किंवा दुर्बिणीने काढतात. दुखणे थांबते आणि विषय संपतो.

खरे तर तो तिथे संपायला नको. मुलांमध्ये खडा पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो आणि पुढे आयुष्य लांब असते. तो का झाला, याचा माग अनेकदा लघवीच्या रासायनिक तपासणीत लागतो.

साखरेचा पाक आठवा. साखर जास्त झाली किंवा पाणी आटले, की खडे धरतात. म्हणून आपण त्यात थोडे लिंबू पिळतो. लघवीचेही काहीसे तसेच. कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड वाढले किंवा पाणी कमी पडले, की स्फटिक तयार होतात. सायट्रेट हा घटक मात्र कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि खडा धरू देत नाही. म्हणून तपासणीत काय वाढले आहे याइतकेच काय कमी आहे, हेही पाहतात.

यासाठी २४ तासांची लघवी तपासली जाते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहून ठेवायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमा करायची. सुट्टीचा दिवस सोयीचा. मात्र त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पाजू नका, जेवण बदलू नका. रोजचे चित्रच हवे असते. कॅनमध्ये आधीपासून ॲसिड असू शकते. ते ओतून देऊ नका आणि कॅन मुलाच्या हाती देऊ नका. खडा दुखत असताना किंवा जंतुसंसर्ग असताना ही तपासणी करत नाहीत. मूल बरे होऊन काही आठवडे गेल्यावर करतात. लघवी पूर्ण जमा झाली की नाही, हे क्रिएटिनिनच्या प्रमाणावरून कळते. लंगोटातल्या बाळांसाठी एकाच वेळच्या लघवीतील कॅल्शियम आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर पाहतात. मोठ्या मुलांत ते ०.२ पेक्षा जास्त असेल तर शंका घेतात; तान्ह्या बाळांत ते मुळातच जास्त असते.

अहवाल वाचताना एक काळजी घ्यावी. मुलांचे आकडे वजनाच्या हिशेबात पाहतात. दिवसाला दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम लघवीतून जात असेल, तर ते वाढलेले मानतात. म्हणजे २० किलोच्या मुलासाठी मर्यादा ८० मिलिग्रॅम. त्याच्या अहवालात १५० आले आणि शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असली, तर आकडा 'नॉर्मल' वाटेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ दुप्पट आहे.

कॅल्शियम वाढलेले दिसले की घरात पहिले दूध बंद होते. ही चूक आहे. आहारातले कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवते. ते कमी केले तर ऑक्झलेट जास्त शोषले जाते आणि वाढत्या हाडांचेही नुकसान होते. कमी करायचे ते मीठ. मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकते तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही जाते. चिप्स, फरसाण, लोणचे, पापड, नूडल्सची पाकिटे यांना आवर घालणे हा उपचाराचाच भाग आहे. सायट्रेट कमी असेल तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. व्हिटॅमिन डीचे मोठे डोस किंवा फिट्ससाठी दिलेला कीटोजेनिक आहार यांनीही खडे होऊ शकतात. असे काही चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

काही वेळा लघवीतून दुर्मीळ आनुवंशिक आजार समोर येतो. ऑक्झलेट फारच वाढलेले असेल तर यकृतातील एका एन्झाइमचा दोष असू शकतो. तो वेळेत ओळखला नाही तर मूत्रपिंडे निकामी होतात. सिस्टिन सापडले तर भावंडांचीही तपासणी करावी लागते. कुळथाच्या कढणाने पोटात पाणी जाईल, पण हे आजार कळणार नाहीत.

अर्थात ही तपासणी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. लघवीत कॅल्शियम जास्त असूनही अनेक मुलांना कधीच खडा होत नाही. शिवाय आकडे रोज थोडे बदलतात, म्हणून बहुधा दोनदा तपासतात. हे आकडे घरचा इतिहास आणि सोनोग्राफी यांच्या जोडीनेच वाचायचे असतात.

कारण कोणतेही निघो, भरपूर पाणी हा उपचार सगळ्यांनाच लागू पडतो. शाळेतले स्वच्छतागृह घाण म्हणून कितीतरी मुले, विशेषतः मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी दप्तरातली बाटली उघडून पाहा. ती भरलेली परत आली असेल, तर मुलाला रागावण्याआधी शाळेत चौकशी करा.