मोटारीची दर्शनी काच आणि तिची निगा

दिवा हे नाव सर्वसामान्यांस परिचित आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत लोहमार्ग गेला आणि पुढे येथूनच पनवेल व वसईकडे जाणारे फाटे फुटले. त्या मानाने येथील रस्त्यांवरील वाहतूक अलीकडची. आज मात्र दिव्याहून शीळकडे निघालेल्या वाहनास थोड्याच अंतरावर कल्याण-शीळ रस्ता व मुंब्रा बाह्यवळण रस्ता यांवरील प्रचंड रहदारीत शिरावे लागते. रिक्षा, शाळांच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका आणि न्हावा-शेवा येथील बंदरातून माल घेऊन येणारे अवजड ट्रक यांची तेथे अहोरात्र ये-जा असते. या रहदारीच्या सुरक्षिततेविषयी बोलताना रस्त्याची रुंदी, खड्डे, दिवे आणि पूल यांची चर्चा होते, व ती व्हावयासच हवी. चालकाच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर असलेल्या काचेचा विचार मात्र क्वचितच होतो. वाहन धुणे ही हौशीची किंवा टापटिपीची बाब मानली जाते आणि काच पुसणे हा तिचाच एक भाग समजला जातो. वस्तुतः या दोन गोष्टी निराळ्या आहेत. धुळीने माखलेली मोटार सुरक्षितपणे चालविता येते, परंतु धुळीने माखलेल्या काचेतून पाहून ती तशी चालविता येत नाही.

दिवा परिसरात काच मळण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पारसिकच्या डोंगररांगेपासून सह्याद्रीपर्यंतचा सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. बांधकामासाठी व रस्त्यांसाठी वापरली जाणारी खडी आणि भुकटी याच पाषाणाची असते. गेल्या काही दशकांत दिवा, शीळ, डोंबिवली या पट्ट्यात घरबांधणी झपाट्याने वाढल्यामुळे या धुळीत सिमेंटचीही भर पडली आहे. अवजड वाहनांच्या डिझेलचा काजळीयुक्त धूर तिला चिकटपणा देतो. भरीला खाडीची दमट हवा आहेच. उन्हाळ्यात कोरडी राहिली असती ती धूळ हिवाळ्यातील दवाने भिजते, सकाळच्या उन्हात पुन्हा वाळते आणि काचेवर तिचे पुट बसते. सिमेंटचे कण ओलाव्याने घट्ट होत असल्याने त्यांचे डाग जितके जुने होतील तितके निघण्यास कठीण जातात.

या मळाचा खरा उपद्रव सावलीत उभ्या असलेल्या वाहनात बसून कळत नाही. प्रकाश पाठीमागून येत असतो तेव्हा काच पुरेशी स्वच्छ भासते. सूर्य किंवा समोरच्या वाहनाचे दिवे थेट काचेवर पडले की मात्र तीच काच एकाएकी पांढुरकी होते. प्रत्येक धूलिकण आणि तेलाचा प्रत्येक सूक्ष्म थेंब आपल्यावर पडणारा प्रकाश विखुरतो, आणि त्यातील बराचसा भाग पुढच्याच दिशेस, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे जातो. त्यामुळे रस्त्यावरील अंधाऱ्या वस्तू आणि त्यांची पार्श्वभूमी यांमधील फरक पुसला जातो. कल्याणहून शीळ फाट्याकडे येणारा रस्ता सर्वसाधारणपणे नैर्ऋत्येस जातो, व हिवाळ्यात मावळता सूर्यही त्याच बाजूस असतो. कचेऱ्या आणि कारखाने सुटण्याच्या वेळी या रस्त्याने येणाऱ्या चालकास याचा अनुभव नित्याचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. रस्ता ओलांडणारा पादचारी एक सेकंद उशिरा दिसला, तर तेवढे अंतर हातचे गेले असे समजावे. वाढत्या वयात डोळ्यांच्या भिंगातही प्रकाश अधिक विखुरतो. म्हणून पन्नाशी उलटलेल्या चालकास मळक्या काचेचा त्रास तरुणापेक्षा जास्त होतो. तो बहुधा आपल्या चष्म्याला दोष देतो.

काचेवरील पाणी दूर करण्याच्या साधनाचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन या महिलेने चालकाला आतून हलविता येईल अशा रबरी पातीच्या वायपरचे पेटंट १० नोव्हेंबर १९०३ रोजी मिळविले. न्यूयॉर्कमध्ये हिमवर्षावाच्या वेळी ट्रामचा चालक उघड्या काचेतून वारा व बर्फ अंगावर घेत गाडी हाकीत असल्याचे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. तेव्हाच्या उत्पादकांनी तिच्यात रस घेतला नाही. पेटंटची मुदत संपल्यानंतर हे साधन मोटारींवर सर्रास बसविले जाऊ लागले, आणि मूळ कल्पकतेचे आर्थिक फळ त्या बाईंस मिळाले नाही. काचेतही त्याच सुमारास सुधारणा झाली. आजची दर्शनी काच म्हणजे दोन पातळ काचांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा बसवून केलेला थर असतो. दगड लागल्यास ती तडकते, पण तिचे तुकडे चालकाच्या अंगावर येत नाहीत. दगडाचा बारीकसा घाव बसलेल्या अशा काचेवर भर उन्हात थंड पाणी ओतले, तर मात्र त्या घावातून तडा पसरू शकतो. यास्तव काच धुणे सकाळी किंवा सावलीतच करावे.

पुसण्यातील मोठी चूक

काचेची सर्वाधिक हानी तिच्या मळापेक्षा तिच्या साफसफाईने होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सकाळी घाईने कोरडे फडके घेऊन काच चोळण्याची सवय सार्वत्रिक आहे. काळ्या पाषाणाच्या भुकटीतील काही खनिजे काचेहून किंचित कठीण असतात. वाळूतील गारेचे कण तर निश्चितच कठीण असतात. कोरड्या फडक्याखाली हे कण कानशीसारखे काम करतात. पाणी न सोडता वायपर फिरविला तरी हाच प्रकार घडतो. वर्ष-दोन वर्षांत काचेवर कमानीसारख्या बारीक रेघांचे जाळे तयार होते, ते दिवसा लक्षात येत नाही व रात्री समोरच्या दिव्याभोवती तेजोवलय निर्माण करते. मळ धुऊन काढता येतो. रेघा काढता येत नाहीत, काच बदलावी लागते.

योग्य रीत साधी असून तिला पाणीही फार लागत नाही. दिवा परिसरातील पाणीटंचाई लक्षात घेता ही बाब महत्त्वाची आहे. वायपर उचलून धरावेत आणि तांब्याभर पाणी काचेच्या वरच्या कडेने सोडावे, म्हणजे सुटी धूळ वाहून जाते. त्यानंतर अर्ध्या बादलीत भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब टाकून त्यात बुडविलेल्या मऊ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने काच पुसावी. फडके वारंवार पिळावे. चिलटे, माश्या व पक्ष्यांची विष्ठा यांवर ओले फडके पाच-सात मिनिटे तसेच ठेवावे, खरवडू नये. मग स्वच्छ पाण्याने साबण काढून टाकून दुसऱ्या कोरड्या फडक्याने काच टिपावी. दोन फडकी वेगळी ठेवणे ही या साऱ्यातील मुख्य गोष्ट, आणि नेमकी तीच पाळली जात नाही. इंजिन पुसण्याचे तेलकट फडकेच काचेवर फिरताना दिसते.

कपडे धुण्याची पावडर वापरणे टाळावे. ती नीट विरघळत नाही आणि मागे थर ठेवते. रॉकेलने काच क्षणभर चकचकीत दिसते, पण त्यामुळे तेलाचा पातळ पापुद्रा उरतो. विंधन विहिरीच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे थेंब काचेवर वाळल्यास पांढरे ठिपके पडतात. हे क्षार साबणाला दाद देत नाहीत. समभाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने, ते नसल्यास लिंबाच्या फोडीने, ते विरघळतात. लगेच साध्या पाण्याने काच धुवावी व रंगावर ओघळ जाऊ देऊ नयेत. सिमेंटच्या ताज्या डागांवरही हाच उपाय चालतो.

जुन्या वर्तमानपत्राने काच पुसण्याची पद्धत सर्वस्वी टाकाऊ नाही. धुतलेल्या काचेवरील अखेरचा ओलावा टिपण्यास ते चांगले, कारण त्याचे तंतू सुटत नाहीत. कोरड्या धुळीवर मात्र ते फडक्याइतकेच घातक ठरते.

आतील बाजू

काचेची आतील बाजू महिनोन् महिने पुसली जात नाही. तेथे पाऊस नाही, धूळ कमी, मग मळ कोठून येणार, असा समज असतो. उन्हात तापलेल्या वाहनातील प्लास्टिक व रेक्झिनमधून सूक्ष्म तैलद्रव्ये बाहेर पडतात आणि काचेवर थिजतात. श्वासातील बाष्प, विडी-सिगारेटचा धूर आणि काचेजवळ बसविलेल्या देवापुढील उदबत्तीचा धूर यांची त्यात भर पडते. उदबत्ती लावणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी काही म्हणावयाचे नाही; तिची राख व धूर समोरच्या काचेवर जाऊ नये इतकेच पाहावे. डॅशबोर्ड चमकविण्याची द्रव्येही हाच थर वाढवितात. हा थर फिकट साबणपाण्याने काढून दोनदा स्वच्छ फडक्याने पुसावा. आतील बाजू उभ्या हाताने व बाहेरील बाजू आडव्या हाताने पुसल्यास राहिलेली रेघ कोणत्या बाजूची हे तत्काळ समजते.

कार्यालयीन वाहनांत आणखी एक दोष आढळतो. डॅशबोर्डवर ठेवलेल्या पांढऱ्या फायली, वर्तमानपत्रे, पदनामाची पाटी यांचे प्रतिबिंब तिरक्या काचेत पडते आणि चालकास रस्त्यावर त्यांचीच सावली दिसत राहते. काच कितीही स्वच्छ असली तरी याला इलाज एकच, त्या वस्तू तेथून उचलणे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये दर्शनी व मागील काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. काळ्या फिल्मसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निकालामुळे हा नियम सर्वतोमुखी झाला. तथापि त्यातील एका शब्दयोजनेकडे फारसे लक्ष गेले नाही. काच तशी असली पाहिजे आणि तशा स्थितीत राखली पाहिजे, असे नियम सांगतो. म्हणजे निगा हीसुद्धा कायद्याच्या कक्षेत येते. शाळेने भाड्याने घेतलेली बस, ग्रामपंचायतीची घंटागाडी, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका यांची तपासणी करताना टायर व ब्रेक पाहिले जातात. त्याबरोबर चालकाच्या आसनावर बसून, वाहन उजेडाकडे तोंड करून, एकदा काचेतून पाहण्यास मिनिटही लागत नाही. दोन फडकी व एक बाटली पाण्याचा खर्च कोणत्याही कार्यालयास जड नाही. हे काम चालकाचे खरे, पण त्यासाठी साहित्य व पंधरा मिनिटांचा अवधी देणे हे वरिष्ठांचे काम आहे.

शहरातील सिग्नलपाशी गाडी थांबताच हातात फडके घेऊन काच पुसू लागणारी मुले दिसतात. ते फडके कोरडे व वाळूने भरलेले असते, त्यामुळे चालक त्यांच्यावर खेकसतो किंवा नाणे देऊन मोकळा होतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलेला आहे. दिवसाच्या ऐन शाळेच्या वेळी रहदारीत उभे असलेले मूल कोणत्या शाळेच्या पटावर असावयास हवे, हा प्रश्न त्या परिसरातील शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी विचारावयास हवा; मोटारीच्या काचेला रेघ पडण्यापेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

पावसाळ्यातील काळजी

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत काचेची खरी परीक्षा होते. वायपरचे रबर वापराने झिजते त्याहून अधिक उन्हाने कडक होते. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या राहिलेल्या वाहनाचा वायपर पहिल्याच सरीत थरथरतो, मध्ये पट्टे सोडतो आणि आवाज करतो. म्हणून मेअखेर रबर बदलणे इष्ट. बदलण्यापूर्वी मात्र ओल्या फडक्याने त्याची कड पुसून पाहावी; पुष्कळदा तेथे साचलेला काळा मळच सर्व दोषाचे मूळ असतो. पाण्याच्या फवाऱ्याची भोके क्षारांनी बुजली असल्यास टाचणीने मोकळी करावीत. वायपर बंद पडल्यास काचेवर तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळण्याचा ट्रकचालकांचा जुना तोडगा आहे. त्यामुळे पाण्याचे थेंब न बनता ते सपाट पसरते व काही काळ थोडेबहुत दिसते. जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता तो उपयोगी आहे, त्यापलीकडे नाही.

पावसात काच धुरकटण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय परस्परांविरुद्ध आहेत. भिजलेले प्रवासी बसलेल्या बंद वाहनात बाष्प आतील बाजूस जमते. त्यावर वातानुकूलन सुरू करून हवेचा झोत काचेवर सोडावा, कारण ते यंत्र हवेतील ओलावा काढून घेते. यंत्र नसल्यास दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघडाव्यात. याउलट वातानुकूलित वाहनाची काच फार थंड झाली, तर बाहेरची दमट हवा तिला लागून दव बाहेरील बाजूस धरते. अशा वेळी कित्येक चालक गाडी चालवितानाच आतून काच पुसत राहतात, व ती मुळीच स्वच्छ होत नाही म्हणून झोत आणखी थंड करतात. बोट टेकवून पाहिले की दव कोणत्या बाजूस आहे ते कळते. ते बाहेर असेल तर काचेवरील थंड झोत बंद करून वायपर दोनदा फिरविणे पुरेसे असते.