प्लगमधला फ्यूज आणि तारेचे कडे

मध्यंतरी आमच्या चौथीच्या वर्गात एक परदेशी पाहुणा आला होता. पाहुणा म्हणजे एक प्लग! वर्गातल्या एका मुलीच्या काकांनी इंग्लंडहून आणलेली इस्त्री बिघडली, तिचाच हा कापून काढलेला प्लग. आपल्या प्लगच्या पिना गोल, याच्या मात्र चपट्या, चौकोनी. वायरीपासून सुटा होता, म्हणून आम्ही तो बिनधास्त खोलला. आत निघाली चिनी मातीची इवलीशी कांडी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या घातलेली. तिच्यावर आकडा होता १३.

"बाई, हा तर फ्यूज! पण फ्यूज मेन बोर्डात असतो ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे मेन बोर्डातून निघालेली तार खोलीपर्यंत जाते आणि तिथेच संपते, झाडाच्या फांदीसारखी. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत सॉकेटांची तार मेन बोर्डातून निघते, एकेका सॉकेटला भेटत घरभर फिरते आणि पुन्हा त्याच बोर्डात परत येते. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, तिन्ही तारा असेच करतात. झाले की नाही कडे! या कड्याला बोर्डात ३२ अँपिअरचा एकच कटआउट असतो (पूर्वी ३० चा असे). आता टेबललॅम्पची बारीक वायर ३२ अँपिअर कुठून सोसणार? म्हणून प्रत्येक प्लगमध्ये त्याचा स्वतःचा पहारेकरी. दिव्याला ३ चा, किटलीला १३ चा.

ही पद्धत आली दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी. बॉम्बहल्ल्यांत पडलेली घरे पुन्हा बांधायची होती आणि तांबे जपून वापरायचे होते. कड्यातल्या कोणत्याही सॉकेटला वीज दोन्ही बाजूंनी येते, त्यामुळे तार थोडी बारीक असली तरी भागते. यावर विचार करणाऱ्या समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४७ मध्ये चौकोनी पिनांच्या प्लगचे मानक ठरले. समितीत कॅरोलिन हॅस्लेट नावाच्या एकच बाई होत्या. लहान मुले भोकात काहीबाही घालतात, हे ध्यानात घेऊन सॉकेटच्या आत झडपा असाव्यात असा त्यांचा आग्रह होता. म्हणून तर त्या प्लगची अर्थिंगची पिन लांब असते बरं का! ती आधी आत शिरून झडपा उघडते.

आम्ही पुठ्ठ्यावर असे कडे करून पाहिले. तुम्हीही करा, पण टॉर्चच्या दोन सेलवरच हं! घरच्या विजेवर अजिबात नाही. एक कडे सेलच्या धन टोकापासून निघून तिथेच परत येणारे, दुसरे तसेच ऋण टोकाचे. दोन्हींच्या मध्ये टॉर्चचे तीन बल्ब. तिन्ही छान पेटले. मग मी कात्रीने धन कडे मधोमध कापले. मुले म्हणाली, "गेले!" पण कुठले काय, तिन्ही बल्ब तसेच पेटलेले!

खरा धोका इथेच आहे. खऱ्या घरात कड्याची तार असते २.५ चौरस मिलिमीटरची. तिला निदान २० अँपिअर पेलता आले पाहिजेत, असा नियम आहे. कडे अखंड असताना ३२ अँपिअर दोन वाटांनी वाटले जातात. ते कुठे तुटले, तर एकाच बाजूवर सगळा भार येऊ शकतो. २० च्या तारेतून ३२ गेले, तर उष्णता दीडपट नव्हे, अडीचपट होते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कटआउट मात्र गप्प! ३२ च्या वर कोणी गेलेलेच नाही ना. टीव्ही चालू, किटली चालू, आणि भिंतीत तार तापतेय.

म्हणूनच अशा घरात नवे सॉकेट जोडायचे नियम कडक आहेत. सर्वांत चांगले म्हणजे कडे उघडून नवे सॉकेट त्यातच ओवायचे, माळेत मणी ओवतात तसे. ते जमत नसेल तर कड्यातल्या एका सॉकेटपासून फाटा काढायचा. पण फाट्याला वीज एकाच बाजूने येते. त्यामुळे त्यावर एकच सॉकेट, फार तर एक जोड-सॉकेट. त्यापुढे आणखी एक लटकवायचे नाही. दोन किटल्या तिथे लावल्या तरी २६ अँपिअर झाले, मोजून पाहा! जास्त सॉकेटे हवीतच, तर फाट्याच्या तोंडाशी १३ अँपिअरचा फ्यूज बसवतात. मग पुढे कितीही सॉकेटे असोत, सगळी मिळून १३ च्या वर गेली की फ्यूज उडणार.

आपल्या गोल पिना हासुद्धा ब्रिटिशांच्याच जुन्या पद्धतीचा वारसा. तिकडे घरांतून त्या मागे पडल्या, इथे राहिल्या. पण आपल्या प्लगमध्ये सहसा फ्यूज नसतो. म्हणून ६ अँपिअरच्या लहान सॉकेटात कन्व्हर्टर घालून गिझर लावणे वाईट. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि बोर्डापासून वेगळी जाड तार हवी, आणि तेही काम परवानाधारक वायरमनचे. घरातले कोणी "एवढ्याने काय होतंय" म्हणाले, तर त्यांना वरचा वर्गाचा हिशेब दाखवा.

शेवटी त्याच मुलीने विचारले, "बाई, सगळं चालूच राहतं, तर कडं तुटलेलं कळणार कसं?"

तिकडचे वायरमन करतात तसेच आम्ही केले. ते आधी मेन बंद करतात, सगळे प्लग काढतात, मग कड्याची दोन्ही टोके बोर्डातून सोडवतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट आहे का, हे मीटरने तपासतात. फेजची, न्यूट्रलची, अर्थिंगची, प्रत्येकाची वेगळी. नवे सॉकेट जोडल्यावरही ही तपासणी हवीच. आमच्याकडे मीटर नव्हता. पुठ्ठ्यावरचे तिन्ही बल्ब काढले, धन कड्याची दोन्ही टोके सोडवली आणि त्यांच्यामध्ये एक सेल आणि एक बल्ब जोडला.

बल्ब पेटला नाही. तिने कापलेली जागा शोधली, तारा पिळून जोडल्या, आणि तो पेटला.