‘झोंबी’तला विनोद
आमच्या रांझीकडे बारावीच्या हिंदीत ‘जूझ’ हा पाठ वाचलेली मुले भेटतात. तो आनंद यादवांच्या ‘झोंबी’ (1987) या आत्मकथनातला अंश. वडील, म्हणजे दादा, मुलाची शाळा सोडवून त्याला कागलच्या मळ्यात जुंपतात. स्वतः गावभर हिंडतात. आईला थेट बोलायची सोय नाही, म्हणून मायलेक गुपचूप दत्ताजीराव देसाईंना गाठतात. घरातला वाघ देसाईंपुढे मांजर होतो. हसू येते ते इथे.

दादांना निव्वळ अडाणी मात्र समजू नका. इतरांआधी गुऱ्हाळ लावण्यात त्यांचा हिशेब होता: बाजारात गूळ कमी, तर भाव जास्त. मुलगाही याच हिशेबात बिनपगारी गडी. शाळेला होकार देतानाही अट घातलीच: अकरापर्यंत पाणी पाजायचे, शाळा सुटल्यावर तासभर गुरे राखायची.