ॲडिसकोंब : कंपनीची लष्करी शाळा

लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनजवळ ॲडिसकोंब नावाचे गाव होते. तिथला एक जुना वाडा ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ मध्ये विकत घेतला आणि आपल्या फौजेसाठी निवासी शाळा उघडली. मुलकी अधिकाऱ्यांसाठी हेलीबरीचे कॉलेज तीनच वर्षांपूर्वी सुरू झाले होते. तोफखान्याला आणि इंजिनिअर दलाला लागणारी मुले मात्र इंग्लंडच्या सरकारी लष्करी शाळांत जागा मिळेल तशी शिकत होती. राज्य एवढे पसरल्यावर तसे भागणार नव्हते.

भरती कंपनीच्या डायरेक्टरांच्या शिफारशीने होई. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आत आला की साधारण दोन वर्षे गणित, तटबंदी, नकाशे काढणे, कवायत आणि हिंदुस्थानी भाषा. शेवटी डायरेक्टरांच्या देखत जाहीर परीक्षा. पहिल्या काही नंबरांना इंजिनिअर दल, त्यांच्या मागच्यांना तोफखाना, उरलेल्यांना पायदळ. शिफारशीने आत आलेल्या मुलाला इथे गणिताने जोखले जाई आणि मला या शाळेचे खरे बळ त्यातच दिसते.

शिक्षकही तोलामोलाचे होते. हिंदुस्थानीचा कोश करणारे जॉन शेक्सपियर इथे भाषा शिकवत. त्यांच्या हाताखाली काही वर्षे लखनौचे मीर हसन अली होते. म्हणजे हिंदी माणूस इथे शिकवू शकत होता, पण कंपनीच्या पलटणीत त्याच्या देशबांधवाला सुभेदार-मेजरच्या वर वाट नव्हती. विज्ञान शिकवणारे विल्यम स्टर्जन मुळात चांभाराच्या हाताखाली उमेदवारी केलेले. त्यांनी १८२५ मध्ये विद्युतचुंबक करून दाखवला.

इथून गेलेल्यांत अफगाण युद्धातले फ्रेडरिक रॉबर्ट्स होते, पंजाबातले हेन्री लॉरेन्स होते. गोदावरीवर धवळेश्वरमला बांध घालणारे आर्थर कॉटन आणि गंगेचा कालवा काढणारे प्रोबी कॉटलीही इथलेच. पण मराठी मुलखाशी सर्वांत जवळचा संबंध जॉर्ज विंगेट यांचा. ते मुंबईच्या इंजिनिअर दलात होते. त्या काळात दख्खनची रयत कंपनीचे अधिकारी प्रिंगल यांच्या जबर सारापद्धतीने मोडून पडली होती, लोक गावे सोडून जात होते. १८३६ मध्ये मुलकी अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आज आपल्या सातबाऱ्यावर असलेला सर्व्हे नंबर त्या कामाच्या पोटातून आला आहे.

विंगेट तिथेच थांबले नाहीत. दिवाणी कोर्टे सावकाराच्या हातातले हत्यार झाली आहेत, असे त्यांनी १८५२ मध्येच सरकारला कळवले. सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे उसळायला अजून तेवीस वर्षे होती. १८५९ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातून विलायतेला जाणाऱ्या पैशाला सरळ खंडणी म्हटले आणि दादाभाई नौरोजींनी पुढे त्यांचा आधार घेतला. साम्राज्याची चाकरी करण्यासाठी घडवलेल्या माणसाने साम्राज्याचा हिशेब असा उघडा मांडावा, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून ॲडिसकोंबला फक्त जेत्यांची शाळा म्हणून सोडून देणे मला पटत नाही. आणि तिच्या मुलांनी हिंदुस्थानात लढलेली युद्धे विसरून तिचे गोडवे गाणेही पटत नाही.

१८५७ नंतर कंपनीचे राज्य गेले, तिची फौज राणीच्या फौजेत मिळाली. तोफखाना आणि इंजिनिअर यांच्या शिक्षणासाठी सरकारची वुलिचची शाळा होतीच. १८६१ मध्ये ॲडिसकोंब बंद झाले. साडेतीन हजारांच्या वर मुले तोवर शिकून गेली होती. जागा घरबांधणीसाठी विकली गेली, वाडा पाडला गेला, दोन-तीन इमारती तेवढ्या उरल्या. नव्या रस्त्यांना आउट्रॅम, हॅवलॉक, क्लाइड या सेनानींची आणि कॅनिंग, एल्जिन या व्हाइसरॉयांची नावे दिली गेली. १८५७ चा उठाव तेव्हा इंग्रजांच्या मनात ताजा होता, आणि ही नावे त्याच काळाची आहेत. या पाचांपैकी ॲडिसकोंबमध्ये शिकलेला मात्र एकही नव्हता.