शाळेच्या गणवेशाचं माप कुणी घ्यायचं? ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना नेमकी कुठे फसली?

मुळशी तालुक्यातलं कोळवण म्हणजे भातशेतीचं, धो-धो पावसाचं खोरं. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पाऊसही. धुतलेला शर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेला असेलच, याची खात्री नाही. अशा गावांत मोफत गणवेशाचा दुसरा जोड ही चैन नसते, गरज असते.

पण हे दोन जोड येतात कुठून? आणि ते वेळेवर का येत नाहीत?

गणवेश कुणाला मिळतो?

समग्र शिक्षा योजनेत सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांमधल्या पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात. एका गणवेशासाठी ३०० रुपये, म्हणजे दोनसाठी ६००. केंद्राच्या नियमात सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं बसतात. उरलेल्या मुलांना यात जागा नव्हती. म्हणजे एकाच बाकावर एकाला नवा गणवेश आणि शेजारच्याला नाही. २०२३-२४ पासून राज्याने स्वतःच्या खर्चाने या मुलांनाही सामावून घेतलं.

मग बदललं काय?

आधी पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. रंग तीच ठरवायची, कापड किंवा तयार कपडे तीच घ्यायची.

मे २०२३ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी ‘एक राज्य, एक गणवेश’ जाहीर केलं. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, राज्यभर सारखंच. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली. नेहमीचा गणवेश शिवण्याचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिलं गेलं. दुसरा, स्काऊट-गाईडचा गणवेश मात्र समितीने गावातच शिवून घ्यायचा होता. त्याची शिलाई होती १०० रुपये, वर किरकोळ खर्चाला १०.

अडचण कुठे आली?

विचार चुकीचा नव्हता. घाऊक खरेदीत कापड स्वस्त पडतं, दर्जा सारखा राहतो, बायकांना काम मिळतं. पण सुमारे ४५ लाख मुलांचे कपडे एकाच साखळीतून जाणार होते. एक कडी अडली की सगळंच थांबतं. तसंच झालं. स्वातंत्र्यदिन आला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. जे आले, त्यांतले काही मापात बसत नव्हते. आणि १०० रुपयांत शर्ट-पँट शिवून द्यायला शिंपी तयार होत नव्हते.

अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला. २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं.

म्हणजे प्रश्न सुटला?

अर्धाच. माप आता गावात घेतलं जाईल, पण ३०० रुपयांचा दर २०१८ पासून तोच आहे. पैसे उशिरा आले तर समितीला दुकानदाराकडे उधारी करावी लागते, नाहीतर पालकांना खिशात हात घालावा लागतो.

गणवेश नसेल तर मुलाला वर्गाबाहेर काढता येतं का?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई करतं. ज्या खर्चामुळे शिक्षणात अडथळा येईल, असा खर्च मुलावर लादता येत नाही, असं कलम ३ सांगतं. त्यामुळे गणवेश आला नाही, तर त्याचा जाब मुलाला विचारता येणार नाही.

पालकांनी काय करायचं?

समितीच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी विचारा: पैसे कधी जमा झाले, कापड कुठून घेतलं, माप कधी घेणार? हे प्रश्न जूनच्या आधी विचारले तरच उपयोग. गणवेश सगळ्या मुलांना सारखं दिसता यावं म्हणून असतो. तो निम्म्या वर्गाकडेच पोहोचला, तर कुणाकडे काय नाही हेच आधी दिसतं.