अंतरा घेतलं, पाळी थांबली. आता काय?

"सिस्टर, दोन महिने पाळी नाही. दिवस तर गेले नाहीत ना?" अंतराचं पहिलं इंजेक्शन घेतलेल्या बाया हा प्रश्न आम्हाला नळावर गाठून, हळू आवाजात विचारतात. घरी कुणीतरी सांगितलेलं असतं की रक्त पोटात साचतं, त्याची गाठ होते. मग दुसऱ्या इंजेक्शनची तारीख येते आणि बाई जातच नाही. पुढे खरंच दिवस राहिले की पुन्हा आमच्याकडेच येते.

दोष तिचा नाही. आम्ही नोकरीत होतो तेव्हा रांग मोठी असली की "काही होत नाही ताई" म्हणायचं, सुई टोचायची, की मोकळ्या. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगतो.

अंतरा दर 3 महिन्यांनी घ्यायचं असतं. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. त्याने स्त्रीबीज बाहेर पडायचं थांबतं आणि गर्भपिशवीच्या आतलं अस्तर पातळ राहतं. पाळीत रक्ताबरोबर हेच अस्तर पडून जातं. ते वाढलंच नाही तर जाणार काय? म्हणजे आत साचलेलं काहीच नसतं. पहिले काही महिने मधेच डाग दिसतात, पाळी लांबते. वर्षभरात बऱ्याच जणींची बंद होते. मात्र नेहमीच्या दुप्पट रक्त गेलं, किंवा दुप्पट दिवस जात राहिलं, तर दवाखाना गाठा. दिवस गेल्याची शंका मनात ठेवू नका, आशाताईंकडून किट घेऊन लघवी तपासा.

टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. तारीख हुकली तर 4 आठवड्यांपर्यंत इंजेक्शन घेता येतं. त्यापुढे आधी तपासणी.

इंजेक्शन बंद केल्यावर लगेच दिवस राहत नाहीत. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण 7 ते 10 महिने लागतात. नव्या सुनेला हे आधीच सांगा, नाहीतर तिला वांझ ठरवायला घर टपलेलंच असतं. एचआयव्हीपासून मात्र अंतरा वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो.

तांबीचं उलट आहे. पहिले 3 ते 6 महिने पाळी जास्त जाते, पोटात कळा येतात. सहन होत नसेल, किंवा नुसतीच नको झाली असेल, तर काढून मागा. "अजून पाच वर्षं चालेल" म्हणून परत पाठवलं तर एकटीने परतू नका, आम्हाला बोलवा. आम्ही सोबत येतो.